इंग्रजीच्या तासाला मुलं बोलती कशी करायची? नव्या शिक्षकांसाठी

मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवायला नुकतीच सुरुवात केली असेल, तर पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. सातवीतली मुलं धडा घडाघडा वाचतात, कविता तालात म्हणतात, प्रश्नोत्तरं त्यांना पाठ असतात. पण ‘व्हॉट डिड यू ईट टुडे?’ एवढं विचारलं की अख्खा वर्ग खाली बघायला लागतो. महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवलं जातं, त्याआधी ते पाचवीत सुरू व्हायचं. म्हणजे आजचं सातवीतलं मूल सहा वर्षं इंग्रजी ऐकत, वाचत, लिहीत आलेलं असतं. त्याच्याकडे शब्द नसतात असं नाही. भात, खिचडी, डाळ, सकाळ, शाळा या सगळ्याचं इंग्रजी त्याला येतं. पण ते कुणाला तरी सांगावं लागेल अशी वेळ वर्गात येतच नाही.

ती वेळ वर्गात आणायची कशी, हे इथे पायरीपायरीने सांगते. सगळं पन्नासपर्यंत मुलांच्या वर्गात, जोडून ठेवलेल्या बाकांवर, एक फळा आणि एका तासिकेत होण्यासारखं आहे. प्रोजेक्टर असला तर बरंच, नसला तरी काही अडत नाही.

आधी मुळातली गोष्ट

हातात पेन धरून आपण विचारतो, ‘व्हॉट इज धिस?’ वर्ग ओरडतो, ‘धिस इज अ पेन!’ या प्रश्नाचं उत्तर विचारणाऱ्याला माहीत आहे, उत्तर देणाऱ्यालाही आहे आणि ऐकणाऱ्या सगळ्यांनाही आहे. कुणाला काही नवं कळलं नाही. याला सराव म्हणता येईल, संभाषण म्हणता येणार नाही. माणूस बोलतो ते समोरच्याला माहीत नसलेलं आपल्याला माहीत असतं म्हणून, किंवा आपल्याला हवं ते त्याच्याकडे असतं म्हणून.

ही गोष्ट आपल्याच देशातल्या साध्या शाळांमध्ये तपासून पाहिली गेली आहे. एन. एस. प्रभू चेन्नईत ब्रिटिश कौन्सिलमध्ये काम करत होते. त्यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातल्या काही शाळांत एक प्रयोग चालवला, तो बंगलोर प्रकल्प म्हणून ओळखला जातो. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना नकाशे, वेळापत्रकं, आकृत्या द्यायच्या आणि त्यावरचे प्रश्न इंग्रजीतून सोडवायला लावायचे, अशी ती पद्धत. त्यांनी उपक्रमांचे तीन प्रकार केले. एकाकडची माहिती दुसऱ्याकडे पोचवायची, ही माहितीची दरी. दिलेल्या माहितीवरून विचार करून काहीतरी शोधून काढायचं, ही तर्काची दरी. आणि स्वतःला काय वाटतं ते सांगायचं, ही मताची दरी. शाळकरी वर्गात त्यांना तर्काचे उपक्रम सगळ्यात उपयोगी वाटले. मला नव्या शिक्षकांना सांगावंसं वाटतं की सुरुवात माहितीच्या दरीपासून करा, कारण तिथे एका शब्दानेही काम भागतं. मग तर्काकडे या. मताकडे जायची घाई करू नका. ‘मोबाइल चांगला की वाईट’ यावर मराठीतसुद्धा चार वाक्यं न सुचणारं मूल इंग्रजीत काय बोलणार?

पहिली पायरी: अडलं की वापरायची वाक्यं

उपक्रम सुरू करण्याआधी एक आठवडा या वाक्यांना द्या. मूल बोलता बोलता अडतं आणि तिथेच मराठीत जातं किंवा गप्प होतं, कारण अडल्यावर काय म्हणायचं हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. पुस्तकातल्या संवादात कुणी अडतच नाही.

‘आय डोन्ट अंडरस्टँड.’
‘से इट अगेन, प्लीज.’
‘स्लोली, प्लीज.’
‘हाऊ डू यू से चुलत भाऊ इन इंग्लिश?’
‘इज इट राइट?’
‘युअर टर्न.’
‘वेट, आय ॲम थिंकिंग.’

एका कार्डशीटवर मोठ्या अक्षरात लिहून फळ्याशेजारी लावा आणि वर्षभर काढू नका. ही वाक्यं पाठ करायला देऊ नका, त्यांची गरज निर्माण करा. सूचना मुद्दाम पुटपुटत द्या आणि कुणीतरी ‘से इट अगेन, प्लीज’ म्हणेपर्यंत थांबा. एखादी सूचना भरभर सांगा म्हणजे ‘स्लोली’ची वेळ येईल. मुलांना यात फार मजा येते, कारण पहिल्यांदाच ती शिक्षकांना थांबवत असतात. यादीतलं चौथं वाक्य विशेष जपा. ज्या मुलाला शब्द मागता येतो, ते मूल शब्द नसला तरी बोलणं सोडत नाही.

दुसरी पायरी: जोड्या आणि सूचना

उपक्रम बारगळतो तो बहुतेक वेळा इथे. कल्पना चांगली असते, पण कुणी कुणाशी आणि काय बोलायचं हेच मुलांना कळलेलं नसतं.

बाकावरच्या शेजाऱ्याची जोडी ठरवा. बाकावर तिघं असतील तर तिघांचा गट, तिसऱ्याने ऐकून लिहायचं आणि फेरी संपली की जागा बदलायची. समोरच्या बाकावरच्यांनी मागे वळून बसलं की चौघांचा गट होतो, बाक हलवायला नको. दर पंधरा दिवसांनी जोड्या बदला, नाहीतर हुशार मूल बोलतं आणि दुसरं मान हलवतं अशी सवय लागते. मुलगा-मुलगी जोडी मोठ्या वर्गात लगेच लादू नका. आधी वर्गाला जोडीने बोलायची सवय होऊ द्या, मग चौघांच्या गटात आपोआप मिसळतात.

कागद वाटण्याआधी सूचना संपवा. कागद हातात पडला की कान बंद होतात. एका मुलाला पुढे बोलावून त्याच्याबरोबर उपक्रमाचा थोडा भाग करून दाखवा, सगळ्यांना दिसेल असा. मग एखाद्याला विचारा, ‘आता काय करायचंय, मराठीत सांग बरं.’ त्याने नीट सांगितलं तर सुरुवात करा. थांबवायची खूणही आधीच ठरवा. मी हात वर केला की ज्याला दिसेल त्याने हात वर करून गप्प व्हायचं, ही खूण ओरडण्यापेक्षा लवकर पोचते.

तिसरी पायरी: पहिला उपक्रम, एसटीचं वेळापत्रक

हा एक उपक्रम जरा तपशिलात सांगते, कारण तो नीट जमला की बाकीचे स्वतःच रचता येतात.

तुमच्या तालुक्याच्या स्टँडवरचा फलक घ्या. समजा सातारा. दोन कागद करा. दोन्हींवर गावांची नावं तीच: वाई, मेढा, कराड, फलटण, कोरेगाव, पाटण. पहिल्या कागदावर तीन गाड्यांच्या वेळा लिहिलेल्या आणि तीन जागा रिकाम्या. दुसऱ्यावर उलटं. वेळा मनाने लिहिल्या तरी चालतील, पण गावं मुलांच्या ओळखीची असू द्या. एका जोडीला एक पहिला आणि एक दुसरा कागद. मध्ये दप्तर उभं ठेवायचं म्हणजे एकमेकांचं दिसणार नाही. नियम एकच: कागद दाखवायचा नाही, विचारून जागा भरायच्या.

आता होतं काय ते ऐका.

‘वाई बस... व्हॉट टाइम?’
‘सेव्हन फिफ्टीन.’
‘सेव्हन फिफ्टी?’
‘नो, नो. फिफ्टीन. वन, फाइव्ह.’
‘ओके. वन फाइव्ह. नाऊ यू.’

यात एकही वाक्य व्याकरणाने पूर्ण नाही. पण नीट बघा. ऐकणाऱ्याला शंका आली, त्याने ती विचारली. सांगणाऱ्याच्या लक्षात आलं की आपला उच्चार पोचला नाही, त्याने दुसरा मार्ग काढला, आकडे सुटे करून सांगितले. मग ऐकणाऱ्याने खात्री करून घेतली. पाठ केलेल्या दहा संवादांत हे होत नाही. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’मधला फरक आपण फळ्यावर कितीही वेळा सांगितला तरी तो इथे, गाडी चुकेल या भीतीने, पक्का होतो. म्हणून वेळा लिहिताना 7.15 आणि 7.50, 8.30 आणि 8.13 अशा मुद्दाम गोंधळात टाकणाऱ्या घाला.

सगळ्यांच्या जागा भरल्या की दोन्ही कागद शेजारी ठेवून तपासायला सांगा. चूक असेल तर कुणाच्या बोलण्यात झाली की ऐकण्यात, हे त्यांचं तेच ठरवतात.

मग फळ्याकडे या. तुम्ही फिरताना ऐकलेली दोनच वाक्यं लिहा, नाव न सांगता. ‘वाई बस व्हॉट टाइम?’ याच्या शेजारी ‘व्हॉट टाइम डज द वाई बस लीव्ह?’ आता मुलं हे वाक्य लक्ष देऊन बघतात, कारण आत्ताच त्यांना ते हवं होतं. मराठीत प्रश्न विचारताना वाक्याची रचना फारशी बदलत नाही. ‘गाडी किती वाजता सुटते’ आणि ‘गाडी सात वाजता सुटते’ यात शब्द आहेत तिथेच राहतात. इंग्रजीत मात्र ‘डज’ पुढे येऊन बसतं आणि ‘लीव्ज’मधला शेवटचा आवाज गळतो. आपल्या मुलांना इंग्रजीत उत्तर देण्यापेक्षा प्रश्न विचारणं अवघड जातं, त्याचं मोठं कारण हे आहे. आणि वर्गात प्रश्न बहुतेक आपणच विचारतो, त्यामुळे त्यांना सरावही मिळत नाही.

फळ्यावरचं वाक्य दोन-तीनदा म्हणून घ्या आणि लगेच नवा कागद द्या, वेळा बदललेल्या. दुसऱ्या फेरीत तीच मुलं लांब वाक्यं वापरायला लागतात. ही दुसरी फेरी वेळ नाही म्हणून गाळू नका. शिकणं जास्त होतं ते तिच्यातच.

दुसऱ्या दिवशी याच कागदावर तर्काचं काम द्या. आजीला कराडला अकरा वाजता डॉक्टरांकडे पोचायचंय. गाडीला दीड तास लागतो, स्टँडवरून दवाखान्यात चालत पंधरा मिनिटं. कराडच्या गाड्या 8.00, 9.15 आणि 10.00 वाजता. कुठली गाडी पकडायची? हिशेब केला तर 9.15 ची गाडी बरोबर अकराला पोचवते. मग वाद सुरू होतो. ‘नाईन फिफ्टीन इज ओके.’ ‘नो, बस इज लेट!’ ‘आजी वॉक स्लोली.’ उत्तर एकच यावं अशी अपेक्षा ठेवू नका, कारण सांगता आलं पाहिजे. ‘बिकॉज’ हा शब्द तुम्ही न शिकवता वर्गात फिरायला लागतो.

मुलं बोलत असताना तुम्ही

आवाज होणार. पंचवीस जोड्या एकदम बोलत असताना वर्ग शांत राहणार नाही. शेजारच्या वर्गाच्या शिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवा, शक्य असेल तर पहिला उपक्रम त्यांना बघायला बोलवा. चांगल्या पावसाळी दिवशी पत्र्याच्या छताखाली तो करू नका, कुणालाच काही ऐकू येत नाही.

तुम्ही वर्गात फिरा, हातात वही ठेवा आणि ऐका. मधे बोलू नका. हे फार जड जातं, कारण आपल्याला चूक दिसली की दुरुस्त करायची सवय असते. पण मूल ‘ही गो टू मार्केट’ म्हणत असताना तुम्ही ‘गोज!’ म्हणालात तर ते ‘गोज’ म्हणतं आणि थांबतं. पुढे काय सांगायचं होतं ते विसरतं, आणि पुढच्या वेळी तुम्ही जवळ आलात की गप्प बसतं. चुका वहीत टिपा, दोन-तीनच निवडा आणि उपक्रम संपल्यावर सगळ्यांसमोर, कुणाचं नाव न घेता, फळ्यावर घ्या. अर्थच बदलतोय किंवा समोरच्याला कळतच नाहीये अशा चुकीला मात्र लगेच मदत करा. तीही प्रश्न विचारून: ‘यस्टरडे ऑर टुमॉरो?’

सगळ्या वर्गाला उद्देशून प्रश्न विचाराल तेव्हा थांबायला शिका. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970 च्या दशकात वर्ग ऐकून मोजलं होतं, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदही थांबत नाहीत. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांब येतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात, असं तिला आढळलं. ती मुलं आपल्या मातृभाषेत विज्ञान शिकत होती. आपलं मूल मराठीत विचार करून, शब्द शोधून, ते इंग्रजीत जुळवत असतं. त्याला तीन सेकंद पुरणार नाहीत. मनात सावकाश दहापर्यंत मोजा. त्याहूनही चांगलं म्हणजे आधी जोडीत बोलू द्या आणि मग वर्गासमोर विचारा. शेजाऱ्याला एकदा सांगून झालेलं उत्तर सगळ्यांसमोर सांगायला हिंमत लागत नाही.

मराठीचं काय करायचं?

‘इंग्रजीच्या तासाला मराठी बंद’ असा फलक लावलेले वर्ग असतात. दंडही असतो, एक शब्द मराठी बोललं की एक रुपया. कृपा करून हे करू नका. मराठी बंद केली की इंग्रजी सुरू होत नाही, बोलणं बंद होतं. ज्याचं इंग्रजी बरं आहे ते मूल बोलत राहतं, आणि ज्याला सगळ्यात जास्त सराव हवा आहे ते मूल तासभर तोंड मिटून बसतं. घरी कोरकू, गोंडी, भिली, पावरी, अहिराणी किंवा हिंदी बोलणाऱ्या मुलांना तर वर्गातली मराठीच अजून नवी असते.

मराठीला तिची जागा नेमून द्या. सूचना समजून घेताना, आधी काय बोलायचं याची तयारी करताना, शब्द विचारताना मराठी चालेल, मुलाच्या घरची बोलीही चालेल. दप्तर मध्ये उभं राहिलं की इंग्रजी. तेवढी दहा मिनिटं मुलं स्वतःहून पाळतात. अधूनमधून एखादा मराठी शब्द आला तर तो जाऊ द्या. ‘आय वेंट टू जत्रा’ हे चांगलं इंग्रजी वाक्य आहे.

आणखी काही उपक्रम

एसटीचा साचा घेऊन कितीतरी करता येतं. यातले मला सगळ्यात भरवशाचे वाटतात ते सांगते.

आठवडी बाजार. अर्ध्या वर्गाला भाजीवाल्यांची कार्डं, त्यावर चार भाज्या आणि भाव. उरलेल्यांना गिऱ्हाइकाची कार्डं: काय घ्यायचं आणि खिशात किती पैसे, समजा 150 रुपये. प्रत्येक भाजीवाल्याचे भाव वेगळे ठेवा, म्हणजे तीन ठिकाणी विचारल्याशिवाय गिऱ्हाइकाला कळणारच नाही स्वस्त कुठे आहे. भाजीवाल्याच्या कार्डाच्या तळाशी ‘यापेक्षा खाली उतरायचं नाही’ असा भाव लिहा, तो गिऱ्हाइकाला माहीत नसतो. घासाघीस आपोआप होते. ‘टू मच!’ ‘ओके, फॉर यू थर्टी.’ हा उपक्रम पटांगणात किंवा व्हरांड्यात करा. शेवटी कुणी कमीत कमी पैशात सगळं आणलं ते बघायचं. पाचवीपासून नववीपर्यंत चालतो, आणि गणितात हुशार पण इंग्रजीत मागे असलेली मुलं इथे पुढे येतात.

ऐकून चित्र काढा. जोडीतल्या एकाकडे साधं चित्र: घर, डावीकडे झाड, झाडाखाली कुत्रा, वर दोन ढग. तो वर्णन करतो, दुसरा न बघता काढतो. ‘अंडर’, ‘नियर’, ‘ऑन द लेफ्ट’ हे शब्द पाठ करून घ्यायचं कामच उरत नाही. चित्रं आधीच्या वर्षीच्या मुलांकडून काढून घ्या, फुकट आणि हवी तितकी मिळतात.

वर्गाची पाहणी. प्रत्येकाने एकच प्रश्न घेऊन दहा जणांना विचारायचा. ‘हाऊ डू यू कम टू स्कूल?’ ‘हू कुक्स ॲट युअर होम?’ ‘व्हॉट टाइम डू यू गेट अप?’ उत्तरं रेघा मारून टिपायची आणि मग दोन वाक्यांत सांगायचं: ‘सिक्स स्टुडंट्स वॉक. फोर कम बाय सायकल.’ बाकांमधून फिरायला जागा नसेल तर प्रश्नाचा कागदच रांगेतून पुढे सरकवा. वडील काय करतात, घरात किती खोल्या आहेत असे प्रश्न टाळा. एखाद्या मुलाला ते सगळ्यांसमोर सांगायचं नसतं.

जत्रेचे शंभर रुपये. चौघांच्या गटाला 100 रुपये आणि भावफलक: पाळणा, उसाचा रस, भेळ, फुगे, फोटो. सगळ्यांना मिळून खर्च ठरवायचा आहे. इथून मताची दरी सुरू होते, पण आकड्यांच्या आधाराने. ‘आय वाँट’, ‘लेट्स’, ‘नो, बिकॉज’ एवढ्या भांडवलावर पंधरा मिनिटं बोलणं चालतं. नववी-दहावीला हेच सहलीच्या किंवा स्नेहसंमेलनाच्या खर्चावर करा, खरे आकडे घेऊन.

नाट्यीकरण मी या यादीत मुद्दाम घेतलेलं नाही. पुस्तकातला संवाद पाठ करून पुढे येऊन म्हणणं कार्यक्रमाला छान दिसतं, मुलांना आवडतंही. पण त्यात पुढचं वाक्य दोघांनाही आधीच माहीत असतं. परिपाठातल्या ‘रिस्पेक्टेड टीचर्स अँड माय डिअर फ्रेंड्स’वाल्या भाषणाचंही तेच. धीटपणा वाढतो, तो हवाच, पण बोलण्याचा सराव वेगळा द्यावा लागतो. परिपाठात इंग्रजीला दोन मिनिटं मिळत असतील तर भाषणाऐवजी एक मूल एक वस्तू पिशवीत लपवून आणेल आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारून ती ओळखायची, असं करून बघा. ‘इज इट बिग?’ ‘कॅन वी ईट इट?’ प्रश्न विचारायचा सराव सगळ्या शाळेला होतो.

जे मूल बोलतच नाही

प्रत्येक वर्गात दोन-चार असतात. आधी ऐकू नीट येतंय का, फळा दिसतोय का ते बघा, हे बऱ्याचदा कुणी तपासलेलंच नसतं. तसं काही नसेल तर त्याला बोलायला लावू नका, पण उपक्रमाच्या बाहेरही ठेवू नका. ऐकून चित्र काढणाऱ्याचं, जागा भरणाऱ्याचं, पाहणीच्या रेघा मारणाऱ्याचं काम त्याला द्या. ही कामं ऐकल्याशिवाय होत नाहीत. त्याच्या जोडीला वर्गातलं सगळ्यात हुशार मूल देऊ नका, थोडं पुढे असलेलं, शांत मूल द्या. मग एक दिवस असा कागद द्या की त्याच्याकडच्या एका शब्दाशिवाय जोडीचं काम पूर्णच होणार नाही. तो एक शब्द ते देतं. तिथे वर्गाकडून टाळ्या वगैरे वाजवून घेऊ नका, पुढचा कागद द्या.

उच्चार

यावर फार वेळ घालवू नका. आपली मुलं मराठी वळणाचं इंग्रजी बोलणार आणि ते जगात कुठेही समजतं. ज्यामुळे अर्थ बिघडतो तेवढंच घ्या. ‘झू’, ‘झिरो’ म्हणताना मुलं ‘झेंडा’तला झ वापरतात. त्यांना आधी ‘झाड’ म्हणायला सांगा आणि तोच आवाज धरून ‘झू’ म्हणायला सांगा, जवळपास हवा तो उच्चार मिळतो. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’सारख्या आकड्यांमध्ये जोर कुठे पडतो ते टाळी वाजवून दाखवा.

तोंडी परीक्षा आणि नोंदी

दहावीला इंग्रजीची लेखी परीक्षा 80 गुणांची आणि तोंडी 20 गुणांची. 2018-19 मध्ये भाषांचे हे शाळेच्या हातातले गुण काढून टाकले होते. त्या वर्षी राज्याचा दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला. पुस्तकं आणि आराखडा बदलणं अशी दुसरीही कारणं होती, पण ओरड झाली ती या गुणांची, आणि पुढच्याच वर्षी ते परत आले. चर्चा सगळी टक्क्यांची झाली. मुलं बोलतात का, हा प्रश्न तेव्हाही मागेच राहिला. आजही अनेक ठिकाणी हे 20 गुण फेब्रुवारीत एका दुपारी, चार पाठ केलेल्या ओळी ऐकून दिले जातात. तुमच्या वर्गात तसं होऊ देऊ नका. त्याला जास्तीचा वेळही लागत नाही.

उपक्रमाच्या प्रत्येक तासाला चार-पाच मुलांकडेच लक्ष द्या, दीडेक महिन्यात सगळा वर्ग एकदा होतो. प्रत्येकाच्या नावापुढे चार गोष्टी टिपा. समोरच्याचं कळतंय का? आपलं म्हणणं पोचवतो का, कसंही करून? अडल्यावर विचारतो का, की गप्प बसतो? एका शब्दावरून वाक्याकडे जातोय का? व्याकरणाच्या चुकांचा रकाना ठेवू नका, त्या लेखी पेपरात मोजल्या जातातच. या नोंदी आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात, जशाच्या तशा वापरता येतात. पालकसभेत ‘तुमचा मुलगा इंग्रजीत कच्चा आहे’ म्हणण्यापेक्षा ‘आता न कळलेलं विचारायला लागलाय’ हे सांगता येतं.

वेळेचा हिशेब असा ठेवा: आठवड्यातल्या इंग्रजीच्या तासिकांपैकी दोन उपक्रमाला, आणि त्या अभ्यासक्रमाबाहेरच्या नव्हेत. धड्यात बाजार असेल तेव्हा बाजार, पत्ता सांगणं असेल तेव्हा गावाचा नकाशा. टाचणात तसं लिहा म्हणजे ‘पोर्शन कधी संपणार’ या प्रश्नाला उत्तर तयार असतं. कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवून, पाकिटात घालून, वर इयत्ता आणि विषय लिहून ठेवा, पुढच्या वर्षी पुन्हा तयार करायला नकोत. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत ही पाकिटं घेऊन जा आणि दुसऱ्यांची बघा. ब्रिटिश कौन्सिल, टाटा ट्रस्ट्स आणि राज्य शासन यांच्या ‘तेजस’ उपक्रमात इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांचे असेच गट जमत असत. तुमच्या केंद्रात असं काही चालू नसेल तर दोघा-तिघांनीही सुरुवात होते.

जूनमध्ये, पहिल्या दोन आठवड्यांत, प्रत्येक जोडीला एक चित्र द्या आणि त्यांचं एक मिनिटाचं बोलणं मोबाइलवर फक्त आवाजात टिपून ठेवा, मुख्याध्यापकांच्या आणि पालकांच्या परवानगीने. फेब्रुवारीत तशाच प्रकारचं दुसरं चित्र द्या आणि पुन्हा टिपा. दोन्ही आवाज मुलांना एकामागोमाग ऐकवा. मग नोंदींची वही पुढच्या वर्गशिक्षकांकडे द्या. कोण अजून गप्प आहे ती पानं दुमडून ठेवा, म्हणजे जूनमध्ये त्यांना सुरुवात कुठून करायची ते कळेल.